ओल्ड गोव्यातली चाकवाली संत कॅथरीन खरंच होऊन गेली का? एका गाईडचं लांबलचक उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आईला घेऊन ओल्ड गोव्याला गेलात, से कॅथेड्रलमध्ये कुणीतरी सांगितलं की हे चर्च संत कॅथरीनचं, आईने विचारलं ही बाई कोण आणि हिच्याजवळ चाक कशाला, तुम्हाला सांगता आलं नाही. रात्री हॉटेलवर मोबाईलवर शोधलं तर निघालं की १९६९ साली खुद्द कॅथलिक चर्चनेच हिला "अशी कोणी झालीच नाही" म्हणून यादीतून काढून टाकलं. मग न झालेल्या बाईच्या नावाने एवढं मोठं चर्च कसं, आणि इटलीतली संत कॅथरीन ती हीच का दुसरी, आणि आता आईला काय सांगू. बरोबर ना?

मी मूळची वसईची, लग्न होऊन गोव्यात आले आणि गेली बावीस वर्षं ओल्ड गोव्यात मराठी ग्रुप फिरवते, शाळांच्या सहली, सिनियर सिटिझन संघ, बँकेतून रिटायर झालेली मंडळी, सगळं. हा प्रश्न मला दर सीझनला कुणीतरी विचारतंच, सुरुवातीची काही वर्षं मी तो टाळायचे कारण मलाच नीट माहीत नव्हतं, आजीने लहानपणी सांगितलेली गोष्ट तेवढी पाठ होती. मग हळूहळू वाचत गेले. हे सांगायचं कारण म्हणजे मी काही प्रोफेसर नाही, कॅथलिक आहे, मिस्साला म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जाणारी आहे, आणि तरीही खाली जे लिहिलंय त्यातलं काही काही भाविकांना टोचेल आणि काही काही इतिहासवाल्यांना.

पहिली गोष्ट, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. ती बाई जगली का, हा एक. आणि तिची भक्ती कुठून आली, गोव्यात का आली, हा दुसरा. पहिल्याला पुरावा जवळजवळ नाही, दुसऱ्याला भरपूर आहे, अगदी दगडावर कोरलेला आहे. लोक पहिल्याचं उत्तर "नाही" आलं की दुसरा प्रश्नच सोडून देतात आणि सगळी मजा तर दुसऱ्यात आहे.

आधी गोष्ट ऐका, आईला सांगायला उपयोगी पडेल. अलेक्झांड्रिया म्हणजे इजिप्तमधलं समुद्रकाठचं मोठं शहर, तेव्हा रोमन साम्राज्यात होतं, विद्वानांचं आणि ग्रंथालयाचं गाव म्हणून नाव. चौथ्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट, साधारण ३०५ साल धरतात, ख्रिस्ती लोकांचा छळ जोरात होता. तिथे कॉस्टस राजाची मुलगी कॅथरीन, वय अठरा, देखणी आणि त्या काळच्या सगळ्या विद्यांत तयार. सम्राटाने हुकूम काढला की सगळ्यांनी देवतांना बळी द्यायचा, तर ही सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली तुमचं चुकतंय. सम्राटाला काही वाद घालता येईना म्हणून त्याने पन्नास पंडित बोलावले, शास्त्रार्थ झाला, पन्नासच्या पन्नास हरले आणि वर ख्रिस्ती झाले, सम्राटाने चिडून त्यांना जाळलं. मग हिला लालूच दाखवली की माझ्या महालात राहा, राणीसारखा मान देतो, हिचं एकच उत्तर, माझं ठरलंय, मी ख्रिस्ताची. मग फटके, अंधारकोठडी, उपास, कोठडीत एक कबुतर येऊन खायला देत होतं म्हणे. इकडे सम्राटाची स्वतःची राणी रात्री गुपचूप हिला भेटायला आली, सोबत पोर्फिरियस नावाचा सेनाधिकारी, तीही ख्रिस्ती झाली, तोही, त्याचे दोनशे शिपाईही, आणि हे सगळे मारले गेले. कॅथरीनसाठी खास यंत्र केलं, सुऱ्या आणि खिळे लावलेली फिरणारी चाकं, पण देवदूताने ती फोडली आणि तुकडे उडून बघायला जमलेलेच मेले. शेवटी तलवारीने मान उडवली, तर रक्ताऐवजी दूध आलं, आणि देवदूतांनी देह उचलून सिनाय पर्वतावर नेऊन ठेवला.

(दुधाच्या ठिकाणी माझ्या ग्रुपमधल्या आज्या हात जोडतात आणि इंजिनियर लोक एकमेकांकडे बघतात, दरवेळी, न चुकता.)

ही गोष्ट युरोपभर घराघरात पोचली ती मुख्यतः तेराव्या शतकात याकोबुस नावाच्या डॉमिनिकन धर्मगुरूने संतांच्या गोष्टींचा जो जाडजूड संग्रह केला त्यातून. आपल्याकडे महिपतींनी संतांची चरित्रं ओवीत लिहिली आणि ती कीर्तनातून गावोगाव गेली, साधारण तसंच समजा.

आता ही खरी का. मी कुठल्याही जुन्या हुतात्म्याच्या बाबतीत दोन गोष्टी आधी बघते, जुन्या यादीत नाव आणि तारीख आहे का, आणि थडगं कुठे ते त्या काळच्या लोकांना माहीत होतं का. बाकी चमत्कार वगैरे नंतर. रोमची संत अ‍ॅग्नेस घ्या, तीही अशीच कोवळी कुमारिका, बारा-तेरा वर्षांची. रोममध्ये ३५४ सालच्या एका पंचांगवजा पुस्तकात हुतात्म्यांची यादी आहे, त्यात तिचं नाव, २१ जानेवारी, नोमेंताना रस्त्यावर पुरलेली, असं सरळ दिलंय. मग तिच्या गोष्टीत पुढे कितीही मसाला भरला असला तरी (आणि भरलाय, कुणी म्हणतं तलवारीने मारलं कुणी म्हणतं आगीत टाकलं) मुळात एक मुलगी होती आणि तिथे पुरली होती हे पक्कं. सिसिलीची लुसी, तिच्या शहरात सिराक्यूसला तळघरातल्या दफनभूमीत एका बाईच्या थडग्यावरचा लेख सापडला, चौथ्या-पाचव्या शतकाच्या आसपासचा, त्यात ती बाई लुसीच्या सणादिवशी वारली असं लिहिलंय, म्हणजे तेव्हाच सण साजरा होत होता. झालं, एवढं पुरे.

कॅथरीनकडे यातलं काहीच नाही. जुन्या यादीत नाव नाही. अलेक्झांड्रियात थडगं नाही, त्याची आठवणही नाही. त्या छळाच्या काळात स्वतः जिवंत असलेला आणि त्याचा इतिहास लिहून ठेवणारा युसेबियस नावाचा बिशप आहे, तो अलेक्झांड्रियातल्या एका श्रीमंत, सुशिक्षित ख्रिस्ती स्त्रीचा उल्लेख करतो जिने सम्राट माक्सिमिनसला नकार दिला, पण तिचं नाव देत नाही, आणि तिला मारलं नाही, इस्टेट जप्त करून हद्दपार केलं असं म्हणतो. पुढे दुसऱ्या एका लेखकाने तिचं नाव डोरोथिया सांगितलं. काही लोकांना वाटतं कॅथरीनच्या गोष्टीचं बी इथे असावं. असेलही.

आणि गोष्टीतच चुका आहेत. पश्चिमेकडच्या गोष्टीत सम्राटाचं नाव माक्सेन्शियस आहे. माक्सेन्शियस ३०६ ते ३१२ रोममध्ये बसून इटलीवर राज्य करत होता, अलेक्झांड्रिया त्याच्या ताब्यात कधीच नव्हतं. इजिप्त त्या वेळी रोमन प्रांत, तिथे राजा कॉस्टस कुठून आला? म्हणजे रत्नागिरीच्या गोष्टीत निजामाचा सुभेदार आणावा तसं झालं. गोष्ट लिहिणारा माणूस त्या काळाचा नाही, त्या गावचाही नाही, एवढं यातून कळतं. गोष्टीचे जे लेखी अवतार हाताशी आहेत ते घटनेनंतर कित्येक शतकांनीचे आहेत, ग्रीकमधला सगळ्यात गाजलेला दहाव्या शतकातला.

इथे कुणीतरी हमखास हायपेशियाचं नाव काढतं, तुम्हीही वाचलं असेल. हायपेशिया ही अलेक्झांड्रियातलीच गणिती आणि तत्त्वज्ञ, ती मात्र नक्की होती, आणि तिला ४१५ साली ख्रिस्ती जमावाने ठार मारलं. तर थिअरी अशी की विदुषी, अलेक्झांड्रिया, कुमारिका, धर्मापायी खून, हे सगळं उलटं फिरवून ख्रिस्ती कॅथरीन तयार केली. ऐकायला जबरदस्त वाटतं आणि मी मध्यंतरी दोन-तीन वर्षं ग्रुपना मोठ्या थाटात सांगायचे. आता नाही सांगत. साम्य आहे हे खरं, पण एका गोष्टीतून दुसरी निघाली हे दाखवणारा धागा कुणाला सापडलेला नाही, नुसतं साम्य म्हणजे पुरावा नव्हे. आणि त्या काळच्या सगळ्याच कुमारिका हुतात्म्यांच्या गोष्टींचा एक साचा आहे, मोठा अधिकारी मागणी घालतो, मुलगी नाही म्हणते, छळ फसतो, शेवटी तलवार. बार्बरा, मार्गारेट, अगाथा, सगळीकडे थोडाफार फरक. कॅथरीनच्या गोष्टीत वेगळं काय असेल तर तो शास्त्रार्थ, आणि त्यामुळेच पुढे विद्यार्थी आणि तत्त्वज्ञ तिला आपली संत मानायला लागले.

म्हणजे इथपर्यंत थोडक्यात असं, अलेक्झांड्रियात छळ झाला हे खरं, धिटाईने नाही म्हणणाऱ्या बायका तिथे होत्या हेही खरं, पण कॅथरीन नावाची, चाकाची, पन्नास पंडितांना हरवणारी अशी एक ठरावीक मुलगी होती हे दाखवता येत नाही.

आता १९६९. पोप सहावे पॉल यांनी त्या वर्षी चर्चच्या सगळ्या जगासाठी असलेल्या दिनदर्शिकेची साफसफाई केली. शतकानुशतकं इतके सण साठले होते की मोकळे दिवस फार थोडे उरले होते. त्यात ज्या संतांबद्दल इतिहासाचा आधार मिळत नाही त्यांचे सण सार्वत्रिक यादीतून काढले, कॅथरीन, बार्बरा, उर्सुला वगैरे. पण "काढले" म्हणजे संतपद काढून घेतलं असं नव्हे, आणि "ही झालीच नाही" असंही कुणी जाहीर केलं नाही, खात्रीने काही सांगता येत नाही एवढाच मुद्दा होता. नावाची चर्चेस तशीच राहिली, मुलींची नावं तशीच राहिली. आणि इंटरनेटवर जे लिहीत नाहीत ते हे, २००२ साली तिला परत यादीत घेतलं, २५ नोव्हेंबर, ऐच्छिक स्मरणदिन म्हणून, म्हणजे फादरना हवं तर त्या दिवशी तिची मिस्सा करता येते. त्याच्या दोन वर्षं आधी, २००० च्या फेब्रुवारीत पोप दुसरे जॉन पॉल सिनायला तिच्या मठात जाऊन आले होते. ग्रीक वगैरे ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर तिला कधी काढलंच नव्हतं, त्यांना या सगळ्या भानगडीचं काही देणंघेणं नाही.

सिनायचं सांगते, कारण भक्तीचा खरा इतिहास तिथून सुरू होतो. इजिप्तच्या वाळवंटात सिनाय पर्वताच्या पायथ्याशी एक मठ आहे, किल्ल्यासारखी तटबंदी, सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधलेला. बायबलमधल्या मूसाला (मोझेसला) जिथे जळतं झुडूप दिसलं ती ही जागा असं मानतात. गंमत म्हणजे मठ मुळात कॅथरीनचा नव्हताच. चौथ्या शतकाच्या शेवटी इगेरिया नावाची एक यात्रेकरू बाई तिथे जाऊन आली, तिने जागेचं बारीकसारीक वर्णन लिहिलंय, झुडूप आहे, बाग आहे, साधू आहेत, कॅथरीनचा उल्लेखही नाही. नंतर कधीतरी शेजारच्या डोंगरावर तिचा देह सापडला अशी कथा झाली, तो डोंगर आज जबल कॅथरीन, इजिप्तमधला सगळ्यात उंच, २६०० मीटरच्या वर. अवशेष खाली मठात आणले, हाडांतून सुगंधी तेल पाझरतं असं म्हणायला लागले, यात्रेकरू ते बाटल्यांतून घरी नेऊ लागले. मठाला लोक तिच्याच नावाने ओळखायला लागले. आजही तिथे तिचं शिर आणि हात जपून ठेवलेत आणि भाविकांना आशीर्वादाची अंगठी देतात, माझ्या ओळखीच्या एका ननकडे आहे, साधी पातळशी, वर ग्रीक अक्षरं.

तिथून अकराव्या शतकात काही अवशेष फ्रान्समध्ये रूआन शहराजवळच्या टेकडीवरच्या मठात पोचले आणि मग पश्चिमेत नुसती लाट आली. नावं ठेवली, घंटा, खिडक्या, चित्रं. फ्रान्सची ती लढवय्यी मुलगी जोन ऑफ आर्क, तिला जे आवाज ऐकू यायचे त्यात एक कॅथरीनचा होता, ती तसं कोर्टात सांगत होती, आणि १४३१ साली तिला जाळलं ते रूआनमध्येच, कॅथरीनच्या टेकडीच्या पायथ्याशी म्हणा. फ्रान्समध्ये तर २५ वर्षांची झाली तरी लग्न न झालेल्या मुलींना २५ नोव्हेंबरला हिरव्या-पिवळ्या टोप्या घालायची पद्धत होती, त्यांना कॅथरिनेट म्हणायचे. आपल्याकडे मंगळागौर लग्न झालेल्यांची, ही लग्न न झालेल्यांची.

एक उदाहरण मात्र जरा थांबून सांगते, कारण लोकांनी या गोष्टीचं काय केलं ते त्यात दिसतं. आर्तेमिजिया जेंतिलेस्की, इटलीतली चित्रकार. १६११ मध्ये, ती सतरा वर्षांची असताना, वडिलांच्या ओळखीतल्या एका चित्रकाराने तिच्यावर बलात्कार केला. पुढच्या वर्षी खटला उभा राहिला आणि खरं बोलतेय का हे तपासायला कोर्टाने तिच्याच बोटांना दोऱ्या बांधून आवळल्या, ज्या बोटांनी ती चित्रं काढायची त्याच. तीन-चार वर्षांनी तिने स्वतःचं चित्र काढलं, संत कॅथरीन म्हणून, डोक्याला गुंडाळलेलं कापड, मुकुट, आणि एक हात मोडलेल्या खिळ्यांच्या चाकावर टेकवलेला, नजर सरळ आपल्याकडे. चित्र आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, २०१८ मध्ये त्यांनी ते ३६ लाख पौंडांना घेतलं. मी फोनवर हे चित्र दाखवते ग्रुपमधल्या मुलींना. राजा कॉस्टस होता की नव्हता हे तेव्हा कुणी विचारत नाही.

आता गोवा, आणि तुमच्या आईच्या प्रश्नाचं खरं उत्तर. गोव्यात कॅथरीन आली ती तिच्या चरित्रामुळे नाही, तिच्या तारखेमुळे. पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो दे अल्बुकर्कने गोवा पहिल्यांदा १५१० च्या सुरुवातीला घेतलं, मे महिन्यात आदिलशाही फौजेने त्याला हाकललं, पावसाळा तोंडावर, जहाजं बाहेर काढता येईनात, तो मांडवीच्या मुखाशी अडकून पडला, हाल हाल झाले, खायला मिळेना. मग सुटला, जमवाजमव केली, परत आला आणि २५ नोव्हेंबर १५१० ला शहर घेतलं. तो दिवस कॅथरीनच्या सणाचा. पोर्तुगीजांच्या हिशोबात ज्या संताच्या दिवशी जय मिळाला त्या संताने जय दिला. आठवडाभर उशीर झाला असता तर आज ते चर्च कदाचित दुसऱ्याच कुणाचं असतं.

हे सांगताना मी दुसरी बाजूही सांगते, आवडो न आवडो. त्या दिवशी आणि नंतरच्या दिवसांत शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली, अल्बुकर्कने स्वतः पोर्तुगालच्या राजाला पाठवलेल्या पत्रात आकडा लिहिलाय, सहा हजारांच्या घरात, बायका-पुरुष सगळे धरून. संतांच्या चित्रांत कॅथरीनच्या पायाखाली एक माणूस असतो, मुकुटवाला, तो तिला मारणारा सम्राट, गोष्टीत तसाच आहे, युरोपभर तसाच दाखवतात. पण सोळाव्या शतकातल्या गोव्यात पायाखाली राजा आणि हातात तलवार घेतलेली बाई बघून लोकांना माक्सेन्शियस आठवला असेल का आदिलशहा, ते तुम्हीच ठरवा. माझं मत तुम्हाला कळलंच. सम्राटाच्या जुलमाला नाही म्हणणारी मुलगी इथे जिंकणाऱ्याची संत झाली, हे मला अजूनही खटकतं, पण झालं ते असं.

अल्बुकर्कने लगेच तिच्या नावाने एक छोटं चॅपल बांधलं, मातीचं. १५३४ साली गोवा धर्मप्रांत झाला तेव्हा कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, मान त्याच जागेला मिळाला. १५५० मध्ये गव्हर्नर जोर्ज काब्रालने ते मोठं करून बांधलं आणि एक शिलालेख बसवला, मतलब असा की इथे शहराचा दरवाजा होता, याच दरवाजाने अल्बुकर्क संत कॅथरीनच्या दिवशी आत शिरला. सुरुवातीला मी दगडावर कोरलेला पुरावा म्हटलं तो हा. आताची वास्तू बरीच नंतर दुरुस्त झालेली, १९५२ मध्ये पुन्हा उभी केलेली, पण जागा तीच. हे चॅपल तुम्ही बहुतेक बघितलं नसेल, कुणीच बघत नाही. असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च आणि म्युझियम आहे ना, त्याच्या पलीकडे पश्चिमेला, जांभ्या दगडाचं, साधंसं, आत काही सोनंबिनं नाही. माझ्या मते ओल्ड गोव्यातली सगळ्यात महत्त्वाची पाच मिनिटं तिथली, आणि ड्रायव्हर तिकडे सोडायला तयार नसतात कारण पार्किंगपासून चालावं लागतं.

से कॅथेड्रल त्यानंतरचं. काम १५६२ ला सुरू झालं, मुख्य इमारत पुरी व्हायला १६१९ उजाडलं, आतल्या वेद्या अजून नंतरच्या. दोन मनोरे होते, एक १७७६ मध्ये पडला, परत बांधला नाही, म्हणून समोरून बघताना ते एका बाजूला तुटल्यासारखं वाटतं. राहिलेल्या मनोऱ्यात ती मोठी घंटा, सोन्याची घंटा म्हणतात तिला, सोन्याची नाहीये. मुख्य वेदीवर जी सोनेरी कोरीव भिंत आहे ती कॅथरीनचीच, तिच्या आयुष्यातले प्रसंग त्यात कोरलेत. आईला पुन्हा घेऊन गेलात तर वर सांगितलेली गोष्ट डोक्यात ठेवा आणि प्रसंग ओळखायला सांगा, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना हे फार आवडतं, मधल्या वयाचे सेल्फी काढतात. आणि चाक म्हणाल तर ते नुसतं चर्चमध्ये नाही राहिलं, पोर्तुगीज इंडियाच्या सरकारी चिन्हातसुद्धा तिचं चाक होतं. इंग्रज लोक तर खिळ्यावर ठोकून फिरवायच्या फटाक्याला कॅथरीन व्हील म्हणतात, आपलं भुईचक्र जमिनीवर फिरतं, त्यांचं भिंतीवर, बाकी तेच.

इटलीची कॅथरीन वेगळी. ती सिएना गावची, १३४७ ते १३८०, हजार वर्षांनंतरची आणि शंभर टक्के खरी, तिने सांगून लिहून घेतलेली शेकडो पत्रं शिल्लक आहेत, पोपला फ्रान्समधून रोमला परत या म्हणून दटावणारी. गोंधळ होतो कारण दोघींबद्दल ख्रिस्ताने अंगठी घातली अशी कथा आहे आणि चित्रकार कधीकधी दोघींना एकाच चित्रात घेतात. ओळखायची खूण सोपी, चाक, तलवार, मुकुट दिसला तर अलेक्झांड्रियाची, हातावर जखमा, लिलीचं फूल आणि नन्सचा वेश असेल तर सिएनाची. योगायोग असा की अलेक्झांड्रियाच्या कॅथरीनला यादीतून काढलं १९६९ ला आणि सिएनाच्या कॅथरीनला चर्चची डॉक्टर ही मोठी पदवी दिली १९७० ला.

राहिला प्रश्न आईला काय सांगायचं. हे आई कशी आहे त्यावर आहे, खरंच. शाळेच्या मुलांना मी गोष्ट पूर्ण सांगते आणि शेवटी म्हणते की ही गोष्ट आहे, आता यात काय काय शक्य नाही ते तुम्ही शोधा, दुधापाशी पहिला हात वर होतो. इतिहासवाल्यांना सरळ १५१० पासून सुरू करते. भाविक ख्रिस्ती ग्रुप असेल, आमच्या वसईचा वगैरे, तर त्यांना मी आमच्याच संत गोन्सालो गार्सियाची आठवण देते. तो वसईचा, ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानात नागासाकीला क्रूसावर मारला गेला, सोबत अजून पंचवीस जण, बघणारे लोक होते, पत्रं आहेत, १८६२ मध्ये संतपद मिळालं. मी म्हणते, बघा, एकाचा कागद आहे, दुसरीचा नाही, तुम्ही मेणबत्ती दोघांना लावता, लावा, पण दोन्ही एकसारखं पक्कं आहे असं पोरांना सांगू नका. एकदा एक काका यावर चांगलेच रागावले होते, बसमध्ये परत जाईपर्यंत बोलले नाहीत.

आणि तुमच्या आई पंढरपूरला जाणाऱ्यांतल्या असतील (तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटलं, चुकत असेन तर सोडून द्या) तर सगळ्यात सोपं कान्होपात्रा. बिदरच्या बादशहाने बोलावणं धाडलं, ती गेली नाही, विठोबाच्या पायाशी प्राण सोडला, देवळात तिचं तरटीचं झाड दाखवतात. त्या झाडाला हात लावून पुढे जाणाऱ्या माळकऱ्याला कुणी बिदरच्या दरबारातला कागद मागत नाही. एवढं म्हटलं की मराठी आयांना कॅथरीन कोण ते लगेच कळतं, मला पुढे फार बोलावं लागत नाही, मग त्याच मला कान्होपात्रेचं सांगायला लागतात.

शेवटचं एक, प्रॅक्टिकल. पुन्हा यायचं असेल तर २५ नोव्हेंबरला तिचा सण म्हणून मुद्दाम येऊ नका. संत फ्रान्सिस झेवियरचा सण ३ डिसेंबरला, त्याची नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना २४ नोव्हेंबरपासून सुरू होते, म्हणजे कॅथरीनच्या दिवशी ओल्ड गोव्यात मुंगी शिरायला जागा नसते आणि आलेला जो तो गोंयच्या सायबासाठी, म्हणजे झेवियरसाठी आलेला असतो. २०२४ ला तर शवप्रदर्शन होतं, झेवियरचं शव तिच्याच कॅथेड्रलमध्ये आणून ठेवलेलं, तिच्या सणादिवशी तिच्याच घरात हजारोंची रांग आणि रांगेतल्या दहा जणांना मी विचारलं आज कुणाचा दिवस, एकालाही सांगता आलं नाही. जानेवारीच्या शेवटी किंवा जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर या, सकाळी लवकर, आधी ते छोटं चॅपल बघा, मग कॅथेड्रल. चॅपल बंद असेल तर म्युझियमच्या माणसाला विचारा, कधी कधी तेवढ्याने काम होतं.